मागच्या टेबलावरचे दोन तास

शस्त्रक्रियागृहात रुग्णाला ज्या टेबलावर झोपवतात, त्याच्यापासून चार हातांवर आणखी एक टेबल मांडलेलं असतं. सर्जन त्याला ‘बॅक टेबल’ म्हणतात. टेबलावर निर्जंतुक कापड, कापडावर स्टीलचं मोठं भांडं, भांड्यात सलाइनचा चुरा केलेला बर्फ. त्या बर्फात बसवलेल्या लहान भांड्यात, थंडगार द्रावणात बुडवलेलं एक स्वादुपिंड असतं. ते ज्याचं होतं तो माणूस आता नाही. ज्याला ते मिळणार आहे त्याच्या पोटावर अजून काप गेलेला नाही. पुढचे दोन तास दोन सर्जन भिंगाचे चष्मे लावून त्या भांड्यावर वाकलेले असतात.

अवयवदानाच्या बातम्या आपण वाचतो. त्यांत सायरन असतो, मोकळा केलेला रस्ता असतो, निळ्या पेटीसकट धावणारा डॉक्टर असतो. मग एकदम दुसऱ्या दिवशीचं वाक्य येतं: प्रत्यारोपण यशस्वी. पेटी उघडल्यापासून अवयव रुग्णाच्या पोटात जाईपर्यंत काय घडतं, ते बातमीत येत नाही. मूत्रपिंडाच्या बाबतीत हे मधलं काम थोडकं असतं: भोवतीची चरबी काढायची, एक धमनी आणि एक शीर मोकळी करायची. हृदयाच्या बाबतीत त्याहून कमी. स्वादुपिंडाचं मात्र तसं नाही. शरीरातून काढलेलं स्वादुपिंड आहे तसं कुणालाही बसवता येत नाही. ते आधी घडवावं लागतं, आणि त्या घडवण्यात राहिलेली बारीकशी चूक रक्त सोडल्यावर काही मिनिटांत किंवा पुढच्या चार-पाच दिवसांत समोर येते. माझ्या मते या शस्त्रक्रियेचा निकाल बराचसा मागच्या टेबलावरच लागतो.

हे मी कोळगावात बसून लिहितो आहे. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला आणि पालघर-बोईसर रस्त्यावरच्या या गावात जिल्ह्याचं मुख्यालय आलं. सिडकोने बांधलेल्या या संकुलाचं उद्घाटन ऑगस्ट २०२१ मध्ये झालं. इथून एका बाजूला पालघर स्टेशन, दुसऱ्या बाजूला बोईसर आणि तारापूरची एमआयडीसी. एमआयडीसीत औषधांचा कच्चा माल तयार होतो, आणि पलीकडे समुद्राकाठी १९६९ पासून अणुवीज निघते आहे. एवढं सगळं असलेल्या पट्ट्यातला माणूस मोठ्या दुखण्याला मात्र गाडी पकडून दक्षिणेला जातो. एप्रिल २०१३ मध्ये डहाणू लोकल सुरू झाली, तेव्हापासून हा प्रवास थोडा सोपा झाला. फाइलची पिशवी मांडीवर घेऊन बसलेले पेशंट आणि त्यांची माणसं सकाळच्या गाडीत ओळखू येतात. त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या दुखण्याचं मूळ साखरेत असतं. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातल्या मधुमेहींचा अंदाज १० कोटींच्या पुढे गेला.

त्यातल्या बहुतेकांना स्वादुपिंड-प्रत्यारोपणाची गरज नाही, हे आधीच सांगायला हवं. मोठ्या वयात होणाऱ्या, गोळ्यांनी आवरणाऱ्या मधुमेहासाठी हा उपाय नाही. हा उपाय मुख्यतः टाइप-१ वाल्यांसाठी आहे. त्यांचं दुखणं लहानपणी किंवा ऐन तारुण्यात सुरू होतं. शरीराची स्वतःचीच संरक्षणव्यवस्था इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. तेव्हापासून दिवसाला तीन-चार इंजेक्शनं, बोटाला टोचून साखर बघणं, आणि वीज गेली की फ्रिजमधल्या कुप्यांची काळजी. वीस-पंचवीस वर्षांनी काहींची मूत्रपिंडं निकामी होतात. काहींना साखर धोक्याइतकी खाली गेली तरी जाणवेनासं होतं. घाम नाही, थरथर नाही, माणूस सरळ बेशुद्ध होतो. अशांपैकी ज्याला मूत्रपिंडही बदलायचं आहे, त्याला त्याच दात्याचं स्वादुपिंड सोबत बसवलं तर डायलिसिस आणि इन्सुलिन दोन्ही सुटू शकतात. नकार-विरोधी औषधं आयुष्यभर घ्यावी लागतात, पण मूत्रपिंडासाठी ती तशीही घ्यावीच लागणार असतात. म्हणून जगभर हे दोन अवयव बहुतेक वेळा एकत्र बसवले जातात.

स्वादुपिंड जठराच्या मागे, पोटाच्या अगदी खोलात, आडवं पडलेलं असतं. लांबी साधारण १५ सेंटिमीटर, वजन ८० ते १०० ग्रॅम. त्याचं डोकं ड्युओडेनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या वळणात रुतलेलं असतं आणि शेपूट डावीकडे प्लीहेपर्यंत पोचलेली असते. एकाच ग्रंथीत दोन कारभार चालतात. मोठा कारभार पाचकरसाचा: रोज दीड लिटरच्या आसपास रस, मांस पचवण्याइतका तिखट. लहान कारभार इन्सुलिनचा. पॉल लांगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने १८६९ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली ज्या पेशींची बेटं पाहिली, ती दहा लाखांच्या घरात असतात आणि त्यांचं एकूण वजन ग्रंथीच्या शंभरातला एक-दोन भाग असतं. रुग्णाला हवा असतो तो एवढाच भाग. पण तो वेगळा काढून टिकवणं फार अवघड, म्हणून त्याच्यासाठी सगळी ग्रंथी न्यावी लागते, आणि तिच्याबरोबर तो रसही येतो.

सगळी अडचण या रसाची आहे. यकृत जरा दाबलं गेलं तर फारसं बिघडत नाही. स्वादुपिंडाला नीट आवरणही नसतं. बोटाने चेपलं, चिमट्याने धरलं, की आतल्या बारीक नळ्या फुटतात, रस झिरपतो आणि ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. म्हणून सर्जनांचा पहिला नियम: स्वादुपिंडाला हात लावायचा नाही. एका टोकाला ड्युओडेनम असतं, दुसऱ्या टोकाला प्लीहा. उचलायचं, वळवायचं ते या दोन मुठींना धरून. प्रत्यारोपणात प्लीहेचा काहीच उपयोग नसतो, तरी ती दात्याच्या शरीरातून सोबत काढतात ती एवढ्यासाठी.

हा अवयव इतका रुसवा धरणारा असूनही तो बदलून बघण्याची कल्पना इन्सुलिनच्या आधीची आहे. स्ट्रासबर्गमध्ये मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी १८८९ मध्ये कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याला मधुमेह झाला; रोगाचा पत्ता तेव्हा लागला. चारच वर्षांनी, डिसेंबर १८९३ मध्ये, ब्रिस्टलच्या वॉटसन-विल्यम्स या डॉक्टरांनी मरणाच्या दारात असलेल्या १५ वर्षांच्या मुलाच्या कातडीखाली मेंढीच्या स्वादुपिंडाचे तुकडे बसवले. मुलगा तीन दिवसांनी गेला. त्या काळात दुसरा कुठलाच उपाय नव्हता, हे ध्यानात घेतलं की त्या डॉक्टरांची तगमग कळते. पुढे टोरांटोत १९२१ मध्ये बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळं काढलं, जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला ते दिलं गेलं, आणि प्रत्यारोपणाचा विचार चाळीस वर्षं मागे पडला.

तो परत आला १७ डिसेंबर १९६६ ला. मिनेसोटा विद्यापीठात विल्यम केली आणि रिचर्ड लिलेहाय यांनी २८ वर्षांच्या एका स्त्रीला मूत्रपिंड आणि स्वादुपिंडाचा एक भाग बसवला. काही दिवस तिला इन्सुलिन लागलं नाही. काही महिन्यांनी ती गेली, पण बदललेलं स्वादुपिंड माणसाच्या शरीरात साखर सांभाळू शकतं हे कळलं. रस कुठे सोडायचा हा प्रश्न मात्र पुढची वीस-पंचवीस वर्षं छळत राहिला. नळी बांधून टाकून पाहिली. फ्रान्सच्या लिआँ शहरात दुबेर्नार यांनी नळीत रबरासारखा पदार्थ भरून ती बंद करून पाहिली. अमेरिकेत कितीतरी वर्षं रस मूत्राशयात सोडला जाई. लघवीतल्या अमायलेज या पाचकद्रव्यावरून स्वादुपिंडाची तब्येत कळे ही त्यातली सोय, पण शरीरातले क्षार वाहून जात आणि मूत्राशयाची आग होई. शेवटी बहुतेक सर्जन नैसर्गिक वाटेवर आले: स्वादुपिंडाबरोबर ड्युओडेनमचा तुकडा ठेवायचा आणि तो रुग्णाच्या लहान आतड्याला जोडायचा.

लिआँचा आणखी एक संबंध सांगायलाच हवा. १८९४ मध्ये या शहरात फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर सुरीहल्ला झाला. यकृताकडे रक्त नेणारी त्यांची पोर्टल शीर कापली गेली. ती शिवता आली असती तर ते कदाचित वाचले असते, पण रक्तवाहिनी शिवायची कशी हे तेव्हा कुणाला येत नव्हतं. अलेक्सी कारेल हा त्या शहरातला तरुण वैद्यकीय विद्यार्थी यामुळे अस्वस्थ झाला. भरतकाम करणाऱ्या एका बाईंकडून त्याने बारीक सुई-धाग्याचं काम शिकून घेतलं, आणि १९०२ मध्ये रक्तवाहिन्या टोकाला टोक जोडण्याची पद्धत मांडली. १९१२ चं नोबेल त्याला त्या कामासाठी मिळालं. मागच्या टेबलावर आज जे टाके पडतात ते त्याच पद्धतीचे आहेत, आणि त्या दोन तासांत जी शीर सर्वांत जपावी लागते ती हीच, पोर्टल शीर.

आता अवयव काढण्याकडे येऊ. दात्याच्या शस्त्रक्रियेत एकाच वेळी दोन-तीन पथकं असू शकतात. हृदयवाले, यकृतवाले, मूत्रपिंडवाले. महाधमनीत नळी घालून थंड द्रावण सोडतात, म्हणजे पोटातले सगळे अवयव जागच्या जागी रक्तमुक्त होऊन थंड होतात. त्याआधी नाकातल्या नळीतून ड्युओडेनममध्ये जंतुनाशक सोडलेलं असतं, कारण आतड्याचा हा तुकडा पुढे दुसऱ्याच्या पोटात जायचा आहे. मग वाटणी होते. यकृत आणि स्वादुपिंड हे सख्खे शेजारी, त्यांच्या रक्तवाहिन्याही एकत्र. सीलिअॅक धमनी बहुधा यकृताबरोबर जाते. तिच्यातून प्लीहेकडे निघणारी फांदी स्वादुपिंडासाठी कापून घ्यावी लागते, आणि कापल्यावर ती आत मागे सरते, म्हणून तिच्या टोकाला बारीक निळा टाका घालून खूण ठेवतात. पोर्टल शीर दोघांत मधोमध तोडावी लागते. यकृतवाल्यांनी जास्त घेतली तर इकडे टोक तोकडं पडतं. काही माणसांत यकृताची उजवी धमनी भलत्याच ठिकाणाहून, स्वादुपिंडाच्या मागून निघते. तेव्हा दोन्ही सर्जनांना तिथेच, दात्याच्या टेबलाशी, समजुतीने निर्णय घ्यावा लागतो. शेवटी दात्याच्या ओटीपोटातल्या, मांडीकडे जाणाऱ्या इलिअॅक धमन्या आणि शिरा वेगळ्या काढून पेटीत ठेवतात. त्यांचं काम पुढे आहे. त्या घ्यायच्या राहिल्या तर मागच्या टेबलावर पंचाईत होते.

सातपाटीला बोट धक्क्याला लागली की बर्फाचा चुरा माशावर पसरतात, तो बघत मोठं झालेल्या माणसाला ही पेटी समजायला सोपी. फरक एवढाच की इथला माल जिवंत आहे आणि त्याला बर्फ लागू द्यायचा नाही. अवयव एका पिशवीत द्रावणात, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत सलाइनमध्ये, तीही तिसऱ्या पिशवीत, आणि मग बर्फाच्या पेटीत. आतलं तापमान चार अंशांच्या आसपास ठेवायचं. त्याखाली गेलं, पाणी गोठलं, की पेशी फुटल्या.

हे द्रावण विस्कॉन्सिन विद्यापीठात फोल्केर्ट बेल्झर आणि जेम्स साउदर्ड यांनी १९८० च्या दशकात तयार केलं. विशेष म्हणजे त्याच्या पहिल्या कसोट्यांमध्ये स्वादुपिंडच होतं: कुत्र्याचं स्वादुपिंड त्यांनी ७२ तास टिकवून दाखवलं. थंडीत पेशीचं काम मंदावतं, तिची भूक कमी होते, हे चांगलं. पण त्याच थंडीत पेशीच्या भिंतीतले क्षार बाहेर टाकणारे पंप बंद पडतात, पाणी आत शिरतं आणि पेशी सुजते. विस्कॉन्सिनच्या द्रावणात लॅक्टोबायोनेट आणि रॅफिनोज हे मोठे रेणू आहेत. ते पेशीत शिरू शकत नाहीत, बाहेर राहून पाणी धरून ठेवतात. ग्लुटाथायोन आणि अॅलोप्युरिनॉल असतात ते पुन्हा रक्त मिळाल्यावर ऑक्सिजनमुळे होणाऱ्या जाळपोळीपासून वाचवायला. अॅडिनोसिन पेशीला परत ऊर्जा जमवायला. एवढं करूनही स्वादुपिंडाला फार वेळ मिळत नाही. बारा तासांच्या आत ते बसावं असा प्रयत्न असतो. मूत्रपिंड चोवीस तासही थांबू शकतं, हे नाही.

आता ते टेबल. पहिलं काम बघण्याचं. बसवणाऱ्या सर्जनने दात्याची कागदपत्रं वाचलेली असतात: वय, वजन, साखर, अमायलेज. पण निर्णय डोळ्यांनी घ्यायचा असतो. रंग फिकट गुलाबी-पिवळसर आहे का, चरबी किती घुसली आहे, कुठे रक्त साचलं आहे का, सूज किती, जुनाट दुखण्याच्या गाठी हाताला लागतात का. फार चरबी असलेलं स्वादुपिंड परत नाकारतात. रुग्ण तेव्हा कधीकधी शेजारच्या खोलीत तयार करून ठेवलेला असतो, आणि तरीही सर्जनला नाही म्हणता आलं पाहिजे. मला यात सगळ्यात कठीण हेच वाटतं. पेटी एवढ्या धावपळीने आली, घरचे बाहेर बसलेत, आणि आत एक जण ठरवतो की आज नाही.

पसंत पडलं की प्लीहेपासून सुरुवात. शेपटीजवळच्या एकेक वाहिनीला दोन गाठी मारून मध्ये कापायचं, प्लीहेच्या अंगाने, शेपटीला धक्का न लावता. काही सर्जन प्लीहा शेवटपर्यंत ठेवतात, धरायला बरी म्हणून. मग ड्युओडेनम. दोन्ही बाजूंनी ते छोटं करायचं, पण पाचकरस ज्या छिद्रातून येतो ते मधला तुकडा सोडून बाहेर जाता कामा नये. टोकांना स्टेपलर मारतात आणि त्यावर हाताने पुन्हा शिवतात, कारण इथून गळती झाली तर पोटात पू होतो आणि बहुधा अवयव काढूनच टाकावा लागतो. पित्तनळीचं टोक बांधायचं. आतड्याच्या पडद्याची कापलेली मुळं, त्यांतून डझनावारी बारीक वाहिन्या जातात, त्याही स्टेपलरने बंद करून वर शिवायच्या.

यानंतरचा अर्धा-पाऊण तास नुसता गाठींचा. चरबी दूर करत जायचं आणि दिसेल ती बारीक वाहिनी रेशमी धाग्याने बांधायची. दात्याच्या शरीरात हे करायला वेळ नसतो आणि रुग्णाच्या पोटात हे करायला फार उशीर झालेला असतो. थंड, रक्त नसलेल्या अवयवात सुटलेली वाहिनी दिसत नाही. रक्त सोडलं की शंभर ठिकाणांहून भळभळतं आणि ते थांबवताना स्वादुपिंड हाताळलं जातं, जे टाळायचं होतं तेच घडतं. म्हणून अनुभवी सर्जन इथे घाई करत नाहीत. घड्याळ चालू असतं तरी करत नाहीत.

मग धमन्या. यकृताशी झालेल्या वाटणीमुळे स्वादुपिंडाकडे आता दोन वेगळ्या धमन्या उरलेल्या असतात. डोक्याला रक्त पुरवणारी सुपीरिअर मेसेंटेरिक आणि शेपटीला पुरवणारी स्प्लेनिक. रुग्णाच्या शरीरात दोन जोड करणं अवघड आणि वेळखाऊ. इथे दात्याच्या त्या इलिअॅक धमन्या कामाला येतात. ओटीपोटात एक मोठी धमनी दोन फांद्यांत फुटते, इंग्रजी वाय अक्षरासारखी. तिच्या दोन फांद्या स्वादुपिंडाच्या दोन धमन्यांना जोडायच्या, आणि खोड मोकळं ठेवायचं. रुग्णाच्या शरीरात मग एकच जोड पुरतो. हे टाके केसाहून बारीक निळ्या प्रोलीन धाग्याचे असतात. फांदी थोडी लांब राहिली तर अवयव जागेवर बसल्यावर दुमडते, पीळ पडला तर रक्त अडतं आणि गुठळी होते. जोडण्याआधी वाहिनीच्या वरच्या अंगाला रेघ मारून ठेवतात, म्हणजे पीळ लगेच कळतो. एक माणूस गेला, त्याच्या ओटीपोटातल्या रक्तवाहिन्यांतून त्याच्याच स्वादुपिंडाला नवा रस्ता करून दिला जातो. ही युक्ती मला या सगळ्या शास्त्रातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

पोर्टल शीर मोकळी करून तिला शक्य तेवढी लांबी मिळवतात. तोकडी असली तर दात्याचीच शीर जोडून वाढवता येते, पण नाइलाजानेच, कारण शिरेतला प्रत्येक जादा जोड गुठळीला निमंत्रण देतो. सुरुवातीच्या दिवसांत स्वादुपिंड गमावण्याचं मोठं कारण गुठळी हेच आहे. शेवटी परीक्षा. वाय-धमनीतून थंड द्रावण सोडायचं आणि बघत राहायचं. डोक्याकडे आणि शेपटीकडे दोन्हीकडे पोचलं का? शिरेतून स्वच्छ बाहेर येतं का? कुठून ठिबकतं का? ठिबकलं की गाठ, पुन्हा सोडायचं, पुन्हा गाठ. सोबतच्या द्रावणाचा नमुना जंतूंसाठी तपासायला जातो. मग ते परत बर्फात झाकून ठेवतात आणि शेजारच्या टेबलाकडे निरोप जातो.

बसवण्याचं काम थोडक्यात सांगतो. रुग्णाचं जुनं स्वादुपिंड काढत नाहीत, ते पाचकरसाचं काम करत असतं. नवं बहुधा उजव्या बाजूला खाली बसतं, मूत्रपिंड डाव्या बाजूला. शीर, धमनी, आतडं, तीन जोड. चिमटे सुटले की काही क्षणांत ते गुलाबी होतं. नंतर दर तासाला साखर पाहतात, आणि सगळं नीट झालं तर इन्सुलिनचा पंप काही तासांतच कमी करत बंद करता येतो. अनुभवी केंद्रांत मूत्रपिंडासोबत बसवलेली दहापैकी नऊच्या आसपास स्वादुपिंडं वर्षानंतरही काम करत असतात. अमेरिकेत अलीकडे वर्षाला नऊशेच्या आसपास स्वादुपिंडं बसवली जातात.

भारताचा आकडा लहान आहे. २०२३ मध्ये देशात एकूण १८,३७८ प्रत्यारोपणं झाली. त्यांत मूत्रपिंडं १३,४२६, यकृतं ४,४९१, हृदयं २२१, फुप्फुसं १९७, आणि स्वादुपिंडं २७. चंडीगडची पीजीआय, कोचीचं अमृता, अहमदाबादचं किडनी इन्स्टिट्यूट, चेन्नईची काही रुग्णालयं, अशा मोजक्या जागी हे काम चालतं. मुंबई-पुण्यातही झालं आहे. यातलं कारण कौशल्याचं आहेच, पण त्याहून मोठं कारण वेगळं आहे. आपल्याकडची बहुतेक मूत्रपिंडं जिवंत नातलग देतात. आई देते, बायको देते. त्यांच्याबरोबर स्वादुपिंड येत नाही. ते मेंदूमृत दात्याकडूनच यावं लागतं, आणि त्या वर्षी असे दाते देशभरात हजाराच्या थोडे वर होते. साधारण चाळीस दात्यांमागे एक स्वादुपिंड उपयोगात आलं. बाकीच्यांपैकी काहींचं वय जास्त, काहींचं पोट दुखावलेलं, काहींना साखर, आणि काहींचं चांगलं असूनही ते घ्यायला तयार पथक जवळ नव्हतं.

मुंबईला या कामाची जुनी ओळख आहे. केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये, जगातल्या पहिल्या हृदयप्रत्यारोपणानंतर अडीच महिन्यांच्या आत, हृदय बदलून पाहिलं होतं. तेव्हा मेंदूमृत्यूला कायद्याची मान्यता नव्हती. ती १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने आली. २०११ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि २०१४ मध्ये नवे नियम. या कायद्यातली एक तरतूद पालघरसारख्या जिल्ह्यासाठी फार महत्त्वाची आहे: अवयव बसवण्याची सोय नसलेल्या रुग्णालयालाही अवयव काढण्याचं केंद्र म्हणून नोंदणी करता येते. मागच्या टेबलावरचं काम मुंबईत होईल, अहमदाबादला होईल. त्याची सुरुवात मात्र बोईसर-मनोरच्या आयसीयूत होऊ शकते.

स्वादुपिंडाच्या बाबतीत तर ती तिथेच होते, कारण तिथल्या चोवीस तासांत हा अवयव टिकतो किंवा जातो. मेंदू बंद पडला की रक्तदाब कोसळतो, लघवीचे लोंढे सुटतात, शरीर थंड पडतं. दाब टिकवायला पाणी जास्त चढवलं तर स्वादुपिंड सुजतं. औषधांनी शिरा फार आवळल्या तर त्याचा रक्तपुरवठा तुटतो. साखर वाढते, आणि ती वाढलेली पाहून दात्याला मधुमेह होता असं समजून स्वादुपिंड सोडून देणं सोपं असतं. मेंदूमृताची साखर बऱ्याचदा ताणाने आणि सलाइनमधल्या ग्लुकोजने वाढते. मागच्या काही महिन्यांची साखर सांगणारं एचबीए१सी तपासलं की खरं काय ते कळतं. रात्रपाळीच्या सिस्टरने इन्सुलिनचा थेंब-थेंब हिशेब ठेवून ती आवरली, तर दूरच्या टेबलावरच्या सर्जनला चांगला अवयव मिळतो. त्या सिस्टरचं नाव कुठल्याच बातमीत येणार नाही, आणि तिचा वाटा सर्जनहून कमी नाही.

महामार्ग ४८ या जिल्ह्याच्या मधून जातो. मनोर, चारोटी, तलासरी, ही नावं अपघातांच्या बातम्यांतून सगळ्या महाराष्ट्राला माहीत झाली आहेत. त्याच रस्त्यावर उत्तरेला सुरत आहे. तिथल्या ‘डोनेट लाइफ’ या संस्थेने गेल्या दशकात घराघरांत जाऊन अवयवदानाची सवय रुजवली, आणि सुरतेतले अवयव अहमदाबादला, मुंबईला पोचले. मुंबईचे तर आमच्या डोक्यावरून, आमच्याच रस्त्याने. जे सुरतेला जमलं ते इथे जमायला अडचण नाही. नातलगांना विचारणारं माणूस हवं. अवयव काढण्याचा खर्च दात्याच्या घरच्यांवर पडत नाही, हे त्यांना आधी सांगायला हवं, कारण गरीब घरात हीच भीती पहिली असते. अपघाताची केस असली की पोलीस आणि शवविच्छेदन येतं, आणि ‘उद्या सकाळपर्यंत थांबा’ या उत्तरात अवयव जातात. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सूर्यास्तानंतरही शवविच्छेदन करायला परवानगी दिली आणि अवयवदानाच्या प्रकरणांना अग्रक्रम द्यायला सांगितलं. जिल्ह्यातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात आणि शवागारात हे ठाऊक असायला हवं.

कायद्याप्रमाणे मेंदूमृत्यू चार डॉक्टरांनी, सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून ठरवायचा असतो. या चारांत प्रत्यारोपण करणारा कुणी असता कामा नये. न्यूरोसर्जन नसला तर भूलतज्ज्ञ किंवा आयसीयूतला डॉक्टर चालतो, अशी सवलत २०११ च्या दुरुस्तीने दिली, ती लहान गावांसाठीच. म्हणजे पालघर, बोईसर, डहाणूतल्या आयसीयू असलेल्या प्रत्येक रुग्णालयाने आपले चार डॉक्टर कोण हे आजच ठरवून ठेवावं, त्यांची नावं मंजूर करून घ्यावीत, डॉक्टरांच्या दाखल्याचा फॉर्म १० आणि नातलगांच्या संमतीचा फॉर्म ८ सिस्टरच्या कपाटात ठेवावेत, आणि मुंबईच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राचा दूरध्वनी क्रमांक भिंतीवर लावावा. कोळगावच्या या नव्या इमारतींमध्ये जिल्ह्याच्या आरोग्याची बैठक भरते. तिच्या कामकाजात हा विषय दर तिमाहीला यावा, किती मेंदूमृत्यू तपासले, किती कुटुंबांना विचारलं, किती जणांनी हो म्हटलं, अशा आकड्यांसकट.